इन्स्टॉलरची परवानगी आणि ब्राउझरचा ताबा

विंडोज संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवताना पडदा मंदावतो आणि या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का, अशी विचारणा होते. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून ही पद्धत आहे. ‘होय’ म्हटले की इन्स्टॉलरला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळतात, आणि हे अधिकार तोलूनमापून मिळत नाहीत. प्रोग्रामच्या फाइली जागेवर ठेवायला जी परवानगी लागते, तीच रजिस्ट्रीत लिहायला चालते आणि तीच ब्राउझरवर एक्स्टेन्शन लादायलाही पुरते. घरात नळ बसवायला आलेल्याने जाता जाता कुलूपही बदलावे, तसला हा प्रकार.

ब्राउझरच्या सेटिंग दोन पातळ्यांवर राहतात. होमपेज, सर्च इंजिन वगैरे गोष्टी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात. त्या बदलायला तर कुठलीच विचारणा होत नाही. वापरणाऱ्याच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम तिथे हात घालू शकतो. क्रोमने या फाइलींवर पडताळणीची खूण ठेवायला सुरुवात केली, ती याच उपद्रवामुळे. दुसरी पातळी अख्ख्या संगणकाची. तिथे केलेला बदल सर्व खात्यांना लागू होतो, आणि ब्राउझरमधून तो काढू पाहिले तर बटण फिके पडलेले दिसते.

याचे गाजलेले उदाहरण २००९ मधले आहे. मायक्रोसॉफ्टने डॉट नेट फ्रेमवर्कच्या अपडेटबरोबर फायरफॉक्समध्ये एक अ‍ॅड-ऑन बसवले. ते संगणकाच्या पातळीवर बसले होते, म्हणून ‘अनइन्स्टॉल’ बटण निकामी. काढायचे तर रजिस्ट्रीत शिरायचे. ओरड झाल्यावर काढण्याची सोय करणारे अपडेट आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरक्षेच्या कारणावरून मोझिलाने ते अ‍ॅड-ऑन दुरून बंद पाडले. जावाच्या इन्स्टॉलरबरोबर येणारा आस्क टूलबार याहून निगरगट्ट. टिक आधीच केलेली असे, आणि सुरक्षेच्या प्रत्येक अपडेटला ती पुन्हा हजर. २०१३ मध्ये असेही उघड झाले की हा टूलबार जावा बसल्यावर सुमारे दहा मिनिटे थांबून मग बसतो. लगेच ‘प्रोग्राम काढा’च्या यादीत पाहणाऱ्याला तो दिसणारच नाही, याची ही तजवीज.

प्रस्तुत लेखकाच्या संगणकावर हे पीडीएफ जोडणाऱ्या एका मोफत सॉफ्टवेअरने केले. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. रीत सगळ्यांची एकच. तिसऱ्या पडद्यावर ‘शिफारस केलेली पद्धत’ ठळक अक्षरांत, आधीच निवडलेली. ‘कस्टम’ हा शब्द पांढऱ्यावर करड्या रंगात, जणू ते बटण चालतच नाही. ते दाबल्यावरच खाली सर्च बदलण्याची संमती दिसते. प्रस्तुत लेखकाने ते दाबले, टिक काढली आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशी क्रोम उघडल्यावर शोध भलत्याच पानावरून जाऊ लागला आणि मेनूच्या तळाशी ओळ आली: हा ब्राउझर तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित केला जातो. घरच्या संगणकाला कसली आली संस्था? सगळा प्रकार त्या एका ओळीत उलगडला. रजिस्ट्रीत पॉलिसी लिहून एक एक्स्टेन्शन सक्तीचे केले होते. त्यापुढे ‘काढा’ हे बटणच नव्हते.

कंपनीच्या मदत विभागाचे उत्तर छापील होते: आपण अटी मान्य केल्या होत्या. कुठल्या अटी, कधी, याचे उत्तर नाही. सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी ही ब्राउझर बदलण्याची परवानगी नव्हे, हा साधा मुद्दा त्यांच्या गळी उतरला नाही; उतरवून घेण्यात त्यांचा फायदाही नव्हता.

दुरुस्तीत क्रम चुकला की मेहनत पाण्यात जाते. आधी तो प्रोग्राम काढावा. नंतर टास्क शेड्युलरमध्ये त्याने मागे काही ठेवले आहे का ते पाहावे, कारण तिथली नोंद राहिली तर काढलेली पॉलिसी पुन्हा लिहिली जाते. मग अ‍ॅड्रेस बारमध्ये रोमन लिपीत ‘क्रोम://पॉलिसी’ टाइप करावे. कोणती सक्ती आहे ते तिथे दिसते. रजिस्ट्रीत ‘सॉफ्टवेअर’खालच्या ‘पॉलिसीज’मध्ये गूगल क्रोमच्या नोंदी असतात. त्या संगणकाच्या आणि वापरणाऱ्याच्या अशा दोन्ही विभागांत शोधाव्यात, आणि काढण्याआधी रजिस्ट्रीची प्रत ठेवावी. क्रोमच्या ‘सेटिंग रीसेट करा’ने पॉलिसी जात नाही, हे कुणी आधी सांगत नाही. कार्यालयाच्या संगणकावर मात्र या नोंदींना हात लावू नये. तिथे ती संस्था खरी असते.

फायरफॉक्समध्ये प्रोफाइल फोल्डरात ‘यूजर.जेएस’ नावाची फाइल आहे का ते पाहावे. ती आपोआप तयार होत नाही, कुणीतरी ठेवावी लागते, आणि दर वेळी ब्राउझर सुरू होताना तिच्यातले मजकूर बाकीच्या सेटिंगवर चढतात. होमपेज रोज बदलून रोज परत येते, ते बहुधा यामुळे. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचे ‘टार्गेट’ही वाचावे, प्रोग्रामच्या नावापुढे एखादा वेबपत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडावा.

बाकी सल्ले सर्वांना पाठ आहेत: मूळ निर्मात्याच्याच साइटवरून डाउनलोड करावे, घाईत ‘नेक्स्ट’ दाबू नये. डाउनलोड साइटींवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. २०११ मध्ये एनमॅपसारखे प्रतिष्ठित साधनही एका बड्या डाउनलोड साइटने स्वतःच्या टूलबारवाल्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून दिले होते. ब्राउझरवाल्यांना जाग आली, पण उशिरा: फायरफॉक्स त्याच वर्षी आणि क्रोम २०१३ पासून, बाहेरच्या प्रोग्रामने बसवलेली एक्स्टेन्शन वापरणाऱ्याने होकार देईपर्यंत बंद ठेवू लागले. पॉलिसीची वाट मात्र उघडी राहिली, कारण कंपन्यांना ती खरोखर लागते.

साध्या खात्यावर काम करणाऱ्याने दुसऱ्याचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड टाकून इन्स्टॉल केले, तर प्रकरण आणखी गुंतते. इन्स्टॉलर त्या दुसऱ्या खात्याच्या नावाने चालतो, म्हणून वैयक्तिक सेटिंग त्याच्या बदलतात आणि इथे शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. अशा वेळी दोन्ही खात्यांत शिरून पाहावे. सेटिंगची फाइल ‘फक्त वाचनासाठी’ करून ठेवण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने इन्स्टॉलर अडत नाही, तो ही खूण स्वतःच काढू शकतो. अडतो तो ब्राउझर, आणि वापरणाऱ्याने केलेला बदलही मग जतन होत नाही. कुणाच्या सांगण्यावरून तसे केलेच असेल, तर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ती टिक काढून टाकावी.