तीन संगम, एकच शीर्षक

कृष्णाकाठच्या गावांवर लिहिणाऱ्या साईटवर काही वर्षांत एक घोळ हमखास होतो. माहुलीला कृष्णा-वेण्णा भेटतात, कराडला कृष्णा-कोयना, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणा. तिन्हीकडे जाऊन आलात, तिन्ही वेळा मन लावून लिहिलंत आणि तिन्ही लेखांना ‘संगमावर’ असंच नाव दिलंत. वर्डप्रेस कुरकुर करत नाही. पुढच्या दोन पत्त्यांना 2 आणि 3 जोडून मोकळं होतं. वाचकाला मात्र कुठला संगम कुठला, ते उघडल्याशिवाय कळत नाही.

दुरुस्तीआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. मग सगळ्या लेखांची आणि पानांची यादी करा: शीर्षक, पत्ता, तारीख. होस्टिंग बदलल्यावर शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हं आली असतील, तर ती हातानं बदलत बसू नका. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं तिथे उरलेली नसतात; जुना बॅकअप यूटीएफ-8 ठेवून पुन्हा चढवावा लागतो.

आता शीर्षकं. गावाचं नाव पुढे आणा: ‘हरिपूर: कृष्णा-वारणा संगम’. शोधाच्या निकालात लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, म्हणून ओळख पटवणारा शब्द डोक्यावर हवा. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशात व्यक्तींच्या नोंदी आडनावापासून सुरू होतात. शोधणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल, याचाच तो विचार. आपल्या शीर्षकांनाही तो लावावा.

जिल्ह्याचं नाव घालताना थांबा. यशवंतराव चव्हाणांचा जन्म 1913 मध्ये देवराष्ट्र्यात झाला, तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. शीर्षकात आजचा जिल्हा द्या, जुना लेखात सांगा. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ यांचंही तसंच: शीर्षकात एक रूप, पहिल्या परिच्छेदात दुसरं.

‘साताऱ्यात’ हा शब्द नीट तपासा. त्यातला ‘ऱ्य’ जुन्या टंकलेखनात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण असा लिहिलेला सापडतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण नेमका शब्द जुळवणाऱ्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शीर्षकातला असा शब्द खोडून नव्यानं टाईप करा.

खरा गुंता पत्त्याचा, म्हणजे स्लगचा. देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्राही, पत्त्यात 9 जागा खाते आणि वर्डप्रेस स्लगला 200 जागाच देतं. म्हणजे जेमतेम 22 खुणा. ‘सागरेश्वर अभयारण्य आणि देवराष्ट्रे’ असं शीर्षक दिलंत की स्लग ‘सागरेश्वर-अभयारण्य-आणि-द’ इथेच तुटतो. म्हणून स्लग स्वतः लिहा, दोन-तीन शब्दांचा. रोमन लिपीत ठेवलात तर व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची माळही लागत नाही.

मात्र जुन्या लेखाचा पत्ता गरज असेल तरच बदला. कुणीतरी तो जपून ठेवलेला असतो. नुसतं शीर्षक बदलल्यानं प्रसिद्ध लेखाचा पत्ता हलत नाही, तेवढ्यानं बहुतेक काम भागतं. बदललाच, तर पोस्टच्या बाबतीत वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेतं. पानांच्या बाबतीत नेत नाही. ‘आमच्याविषयी’सारख्या पानाचा पत्ता बदलल्यास रीडायरेक्शन प्लगइनमधून 301 ची, म्हणजे कायमच्या वळणाची, नोंद करावीच लागते. ही पायरी राहिली की जुने दुवे मरतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

ब्राउझरच्या टॅबवर साईटचं नाव दोनदा येत असेल, तर थीम आणि एसईओ प्लगइन दोघंही ते जोडत असतात. प्लगइनच्या शीर्षक-साच्यातून साईटचं नाव काढून पाहा. नाही जमलं तर थीमच्या हेडर फाईलमध्ये हातानं लिहिलेला टायटल टॅग शोधा.

शेवटी कॅशे रिकामी करा, मोबाईलवर खाजगी विंडो उघडा आणि यादीतला प्रत्येक जुना पत्ता टाकून पाहा. माहुली, कराड, हरिपूर: तिन्ही आपापल्या जागी उघडले की यादीवर खूण करा.