टेम्प्लेट सापडलं, पण कुठलं?

आपल्या मंडळाच्या ई-मासिकाचं संकेतस्थळ मी जँगो या फ्रेमवर्कमध्ये बांधलंय. दिवाळीच्या सुट्टीत निर्मलला घरी बसून मी त्यात कवितांचा विभाग जोडला. रात्री अंक निघाला आणि सकाळी पहिल्या वर्षाच्या एका मुलीचा मेसेज आला : "ताई, माझी कविता घेतली नाहीत का? आईला लिंक पाठवली होती."

कविता घेतली होती. पण पान उघडलं की वर 'लेख' असा मथळा आणि खाली कोरी जागा! कवितांच्या यादीची फाईल मी तीनदा बदलली, तरी पान तसंच.

टेम्प्लेट म्हणजे काय, ते निर्मलकरांना पटकन कळेल. आमच्याकडे पोनिकीच्या हलक्या लाकडात आधी फळं, पक्षी कोरतात. रंग नंतर चढतो. टेम्प्लेट म्हणजे तो कोरलेला आकार आणि डेटाबेसमधून येणारा मजकूर म्हणजे रंग. माझा रंग बरोबर होता, तो भलत्याच आकारावर चढत होता.

जँगोचा जन्म 2003 साली अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. 2005 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. टेम्प्लेट शोधायची त्याची पद्धत ठरलेली आहे. सेटिंग्जच्या फाईलमध्ये 'टेम्प्लेट्स' नावाचा भाग असतो. त्यातल्या 'डिर्स' यादीत दिलेले फोल्डर तो आधी बघतो. नंतर, 'ॲप डिर्स' चालू असेल तर, 'इन्स्टॉल्ड ॲप्स'च्या क्रमाने एकेका ॲपमधला 'टेम्प्लेट्स' फोल्डर बघतो. मागितलेल्या नावाची पहिली फाईल मिळाली की शोध तिथेच थांबतो.

माझ्या 'लेख' आणि 'कविता' या दोन्ही ॲपमध्ये फाईलचं नाव एकच होतं : 'यादी'. क्रमात 'लेख' आधी, म्हणून दर वेळी तीच फाईल उचलली जायची. त्या फाईलला 'कविता' हे नावच माहीत नाही, आणि टेम्प्लेटला एखादं नाव सापडलं नाही तर जँगो सहसा तक्रार न करता जागा रिकामी सोडतो.

मग शोधायचं कसं?

1. फाईल मिळालीच नाही, तर 'टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट' ही चूक येते. आपल्या संगणकावर 'डीबग' चालू असेल, तर कुठे कुठे शोधलं त्या जागांची यादीच खाली दिसते. ती नीट वाचावी.

2. फाईल मिळते पण चुकीची, तर चूक दिसतच नाही. माझं तेच झालं. अशा वेळी जँगोच्या शेलमध्ये जाऊन 'गेट टेम्प्लेट'ने ती फाईल मागवावी आणि तिचं 'ओरिजिन' विचारावं. फाईलचा पूर्ण पत्ता मिळतो. माझ्या पत्त्यात 'लेख' हा फोल्डर होता!

3. उपलब्ध सगळी टेम्प्लेट्स हवी असतील, तर शेलमध्येच इंजिनाला 'टेम्प्लेट डिर्स' विचारावं. तो ज्या फोल्डरांत बघतो ते क्रमाने मिळतात. मग छोट्या लूपने त्यांतल्या फाईली छापून घ्याव्यात. एकच नाव दोनदा दिसलं, तर तिथे थांबावं.

उपाय सोपा निघाला. प्रत्येक ॲपच्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरात त्या ॲपच्याच नावाचा आणखी एक फोल्डर करायचा, फाईल त्यात ठेवायची आणि कोडमध्ये 'कविता, तिरकी रेघ, यादी' असं पूर्ण नाव लिहायचं. ॲपचा क्रम बदलूनही कविता दिसली असती, पण मग लेख गायब झाले असते.

दुपारी त्या मुलीला लिहिलं : "कविता पहिल्यापासून तिथेच होती, चूक माझी. आईला लिंक परत पाठव." आता नवा विभाग जोडला की अंक निघण्याआधी मी ती फाईलींची यादी छापून बघते.