मंद आच आणि निळसर धूर

उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. आता एक वेगळा प्रश्न घ्या. एका बंद भट्टीतील हवेचे तापमान ११५ अंश सेल्सिअस आहे. तीत मांसाचा मोठा तुकडा ठेवला आहे. मांसात खोचलेल्या तापमापीचा काटा दोन-तीन तास चढत जातो आणि सुमारे ६५ ते ७० अंशांवर येऊन अडतो. विस्तव विझलेला नाही, हवाही तितकीच तप्त आहे. तरी तास-दोन तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काटा जागचा हलत नाही. मग भट्टीची उष्णता जाते कोठे?

अमेरिकेत लाकडाच्या भट्टीवर मांस शिजवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. टेनेसी राज्यातील मेम्फिस हे शहर डुकराच्या बरगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, तर टेक्सास राज्य गाईच्या छातीकडील मांसासाठी. समजा, तुम्ही तेथे आहात, नवी भट्टी अंगणात आणून ठेवली आहे आणि प्रथमच बरगड्या शिजवायच्या आहेत. काय काय घडेल ते क्रमाने पाहू.

भट्टीची रचना

या भट्टीला तेथे 'स्मोकर' म्हणतात. जाड पोलादी पत्र्याचे एक आडवे पिंप असते. त्याच्या एका टोकाला, थोडी खालच्या पातळीवर, विस्तवाची पेटी असते आणि दुसऱ्या टोकाला धुराडे. मांस पिंपातील जाळीवर ठेवतात. ते ज्वाळेवर नसतेच. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते, तिची जागा घेण्यासाठी पेटीच्या झडपेतून ताजी हवा आत येते आणि हा प्रवाह वाटेत मांसावरून वाहतो. म्हणजे येथे मांस मुख्यतः अभिसरणाने तापते. झडप थोडी उघडली की विस्तव भडकतो, मिटली की मंदावतो. धुराडे मात्र उघडेच ठेवावे. ते बंद केले तर धूर आत कोंडून मांस कडू होते.

नव्या भट्टीत पहिल्याच दिवशी मांस ठेवत नाहीत. आतून तेलाचा पातळ हात फिरवून ती काही तास रिकामीच तापवतात. कारखान्यातून लागून आलेले वंगण जळून जाते आणि तेलाचा टणक थर बनून पोलादाला गंज चढत नाही. आपल्याकडे नवा लोखंडी तवा तेल लावून तापवतात, त्यातलाच हा प्रकार.

लाकूड कसे जळते?

हिकरी, ओक, सफरचंद अशी कठीण लाकडे यासाठी वापरतात. पाइनसारखी राळ असलेली लाकडे टाळतात. लाकूड वाळलेले हवे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचे असू शकते आणि विस्तवाची बरीच उष्णता ते पाणी घालवण्यातच खर्च होते.

लाकूड तापले की आधी त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ज्वाळा दिसते ती या वायूंची. लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे तीन मुख्य घटक असतात. यांपैकी लिग्निनच्या विघटनातून ग्वायाकॉल व सिरिंगॉल हे पदार्थ निर्माण होतात. धुरावर शिजवलेल्या पदार्थाचा खास वास येतो तो प्रामुख्याने यांच्यामुळे.

आता धुराड्याकडे पाहा. धूर दाट व पांढरा असेल तर ज्वलन अपुरे होत आहे असे समजावे. त्यातील थेंब व कण मोठे असतात आणि ते सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात. म्हणून धूर पांढरा दिसतो. विस्तवाला हवा पुरेशी मिळाली की कण अतिसूक्ष्म, प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान राहतात. असे कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि धूर विरळ, निळसर दिसतो. आकाशाच्या निळेपणाचे जे कारण जॉन स्ट्रट, म्हणजे पुढे लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८७१ मध्ये मांडले, तेच येथे लागू पडते. निळसर धूर दिसू लागला की बरगड्या जाळीवर ठेवाव्यात.

मांसात काय घडते?

बरगड्यांभोवतीच्या स्नायूंत कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असते. त्याचा रेणू तीन पदरांच्या पिळलेल्या दोरीसारखा असतो. हे मांस झटपट भाजले तर चामड्यासारखे लागते. पण ७० अंशांच्या वर, ओलसरपणात, काही तास ठेवले की दोरीचा पीळ सुटतो आणि कोलॅजेनचे मऊ जिलेटिन बनते. या बदलाला उष्णतेइतकाच वेळही लागतो. म्हणूनच ११० ते १२० अंशांच्या मंद आचेवर बरगड्यांना पाच-सहा तास द्यावे लागतात.

अडलेला काटा

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मांसात पाणी पुष्कळ असते. तप्त वारा पृष्ठभागावरून वाहतो तसे ते पाणी वाफ होऊन निघून जाते. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास १ कॅलरी पुरते. पण त्याची वाफ करण्यास, उत्कलनबिंदूला, सुमारे ५४० कॅलरी लागतात. या अप्रकट उष्म्याची कल्पना स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात मांडली.

एक हिशेब करू. समजा, मांस १,५०० ग्रॅम आहे आणि त्यातले ३०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले. त्यासाठी ३०० × ५४० म्हणजे १,६२,००० कॅलरी लागल्या. सोयीसाठी सारे मांस पाणीच आहे असे धरले, तरी ते २५ वरून ९० अंशांपर्यंत तापवण्यास १,५०० × ६५ म्हणजे ९७,५०० कॅलरीच लागतात. मांस तापवण्यापेक्षा त्याचे पाणी घालवण्यातच जास्त उष्णता खर्ची पडते! भट्टीकडून मिळणारी उष्णता आणि वाफेबरोबर जाणारी उष्णता यांचा मेळ बसला की काटा थांबतो. पृष्ठभाग पुरेसा सुकला की तो पुन्हा चढू लागतो.

नवशिका घाबरतो तो येथेच. विस्तव कमी पडला असे समजून तो लाकडे सारतो. बाहेरचा भाग करपतो, आतले कोलॅजेन तसेच राहते आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. खरे तर करायचे काहीच नसते. घाईच असेल तर मांस अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात घट्ट गुंडाळावे. वाफेला वाट न मिळाल्याने काटा लवकर हलतो; मात्र बाहेरची खरपूस साल मऊ पडते.

काट्याची ही अडवणूक जाड तुकड्यात स्पष्ट दिसते. बरगड्या पातळ असतात आणि हाडाजवळ तापमापी नीट लावता येत नाही. म्हणून तेथे दुसरी खूण पाहतात. पट्टी चिमट्याने एका बाजूने उचलली असता वाकून वरची साल तडकू लागली आणि हाडांची टोके मांसातून बाहेर डोकावू लागली, म्हणजे झाले.

कापल्यावर कडेला एक गुलाबी पट्टा दिसतो. ते कच्चे मांस नव्हे. ज्वलनात तयार झालेले नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसातील मायोग्लोबिनशी संयोग पावतात आणि त्याचा रंग टिकवतात. या मायोग्लोबिनचीच त्रिमितीय रचना जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये शोधली. कोणत्याही प्रथिनाची उलगडलेली ती पहिली रचना होय.

मात्र हाच कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत प्राणघातक ठरतो. म्हणून अशी भट्टी नेहमी उघड्यावरच पेटवतात. धुरात कर्करोगकारक बेंझोपायरीनही असते. तेव्हा असे पदार्थ रोजच्या आहारात नकोत.

करून पाहा

दोन सारख्या तापमाप्या घ्या. एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, दुसरी कोरडीच ठेवा. दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात दहा मिनिटे ठेवून तापमाने नोंदवा. नंतर ओल्या फडक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून पुन्हा नोंदवा.

विचार करा

१. पिशवी बांधल्यावर दोन्ही तापमानांतील फरक का घटला? भट्टीतील कोणत्या कृतीशी याचे साम्य आहे?
२. पावसाळी, दमट दिवशी हा प्रयोग केल्यास फरक कमी येईल की जास्त?
३. विस्तव तोच ठेवून भट्टीतील वारा वाढवला, तर काटा अधिक वर अडेल की खाली? कारण द्या.