एकट्याचा प्रवास आणि उंच शिखर
(इयत्ता सहावी व सातवीसाठी भूगोल व सामान्य विज्ञानाचा एक जोडपाठ)

प्रास्ताविक

लासुर्णे व त्याच्या आसपासची गावे सपाट मुलखातील आहेत. नीरा डावा कालवा, उसाचे मळे आणि बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता, एवढेच आपल्या विद्यार्थ्यांच्या नित्य दृष्टीस पडते. उंच डोंगर त्यांस पुस्तकातील चित्रात भेटतो. तथापि ज्या कालव्याच्या पाण्यावर आपली शेते उभी आहेत ते पाणी भोरकडील सह्याद्रीच्या रांगांवर पडलेल्या पावसाचेच होय. भाटघर व वीर या धरणांच्या मार्गाने तो डोंगर दररोज आपल्या दारी येत असतो. म्हणून ‘डोंगराशी आपला काय संबंध?’ हा प्रश्न येथील मुलाने विचारल्यास त्यास प्रथम कालव्याच्या काठावर न्यावे.

या पाठाची कल्पना एका चुकीतून निघाली, आणि ती चूक प्रस्तुत लेखकाची स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही राजगडावर गेलो होतो. पद्मावती माचीवर जेवणापूर्वी मुले मोजली, तो एक कमी भरला. कोणासही न सांगता तो सुवेळा माचीकडील नेढे पाहण्यास एकटाच गेला होता. सुमारे दोन तासांनी तो सापडला. परतताना एका अरुंद जागी पाय थरथरू लागल्याने तो कातळास पाठ टेकून जागच्या जागी बसून राहिला होता. गडावर ताक विकणाऱ्या एका गृहस्थांनी त्यास हात धरून आणले. मी त्यास सर्वांदेखत कठोर शब्दांत बोललो. मुलाने मान खाली घातली, आणि वर्ष संपेपर्यंत डोंगराचे नाव काढले नाही.

पुढे विचार करता माझ्या ध्यानी आले की, त्या मुलाने एक चूक केली होती व दोन गोष्टी बरोबर केल्या होत्या. न सांगता जाणे ही चूक. परंतु दूरची वस्तू आपल्या डोळ्यांनी पाहावी ही त्याची ओढ चांगली होती, आणि भीती वाटताच धावपळ न करता थांबून राहणे हे तर शहाणपणाचे होते. मी चुकीस शिक्षा केली व गुणांकडे पाहिलेच नाही. शिवाय मुलांच्या जोड्या लावून देणे व कोठे जावयाचे असल्यास कोणास सांगावे हे समजावणे माझे काम होते, ते मी केले नव्हते. साहसाची ओढ मुलांत असतेच. तिला वळण कसे लावावे, एवढाच शिक्षकापुढील प्रश्न आहे.

पाठाचा हेतू

(१) उंचीनुसार हवा व तापमान कसे बदलते हे विद्यार्थ्यांस समजावे. (२) एकट्याने केलेल्या साहसामागे किती तयारी असते हे त्यांनी उदाहरणांवरून ओळखावे. (३) धाडस आणि अविचार यांतील भेद त्यांस स्वतः सांगता यावा.

पूर्वतयारी

साहित्य फार लागत नाही. सुमारे नव्वद सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घ्यावी व ती जमिनीपासून वर भिंतीस चिकटवावी. शंभर मीटरांस एक सेंटिमीटर हे प्रमाण धरावे. आपला परिसर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून थोडा अधिक उंच आहे, म्हणून त्याची खूण सुमारे साडेपाच सेंटिमीटरांवर येईल. तोरणा किल्ला १४०३ मीटर, म्हणजे चौदा सेंटिमीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साडेसोळा सेंटिमीटर. कांचनजंगा ८५८६ मीटर, म्हणजे जवळजवळ शहाऐंशी. एव्हरेस्टची उंची २०२० साली ८८४८.८६ मीटर अशी जाहीर झाली. ती खूण साडेअठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरांवर करावी. या खुणा मुलांच्या हातून करवून घ्याव्या. आपले गाव तळाशी, कळसूबाई वीतभर आणि एव्हरेस्ट आपल्या कमरेच्याही वर, हे एकदा पाहिलेले मूल विसरणार नाही.

विषयप्रतिपादन : उंचीवरील हवा

‘उंच पर्वतावर श्वास का लागतो?’ असे विचारल्यास मुले बहुधा ‘तेथे प्राणवायू नसतो’ असे उत्तर देतात. हे उत्तर दुरुस्त करावे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण शिखरावरही शेकडा सुमारे एकवीसच असते. कमी होतो तो हवेचा दाब. हवा विरळ झाल्याने प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू कमी पडतो. साडेपाच हजार मीटरांवर दाब सुमारे निम्मा होतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ एकतृतीयांश उरतो. पट्टीवर पंचावन्न सेंटिमीटरांपाशी ‘अर्धी हवा’ असे लिहून घ्यावे.

तापमानाचा हिशेब गणिताच्या तासास जोडता येईल. दर हजार मीटरांस तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळीस अंशांवर असेल, तर ८३०० मीटर अधिक उंचीवर किती असेल? सुमारे चौपन्न अंश वजा होऊन तो शून्याखाली चौदा येईल. हा हिशेब ढोबळ आहे. वारा व स्थान यांमुळे शिखरावर प्रत्यक्षात याहून अधिक थंडी असते, हेही सांगावे.

शरीरास या विरळ हवेची सवय हळूहळू होते. म्हणून तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा सामान्य नियम आहे. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही त्रासाची पहिली लक्षणे होत. चालताना तोल जाऊ लागला किंवा विसावा घेतानाही धाप लागू लागली, तर तत्काळ खाली उतरणे हाच खरा उपाय. शिखर समोर दिसत असता परत फिरणे अत्यंत कठीण असते, आणि पुष्कळ अपघात परतीच्या वाटेवर होतात.

उदाहरणे

येथे शिक्षकाने चार वृत्तान्त गोष्टीच्या रूपाने सांगावे.

पहिला वृत्तान्त मॉरिस विल्सन या इंग्रज गृहस्थांचा. श्रद्धा व उपवास यांच्या बळावर एव्हरेस्ट एकट्याने चढता येईल असा त्यांचा विश्वास होता. त्यासाठी ते विमान चालवावयास शिकले आणि १९३३ साली इंग्लंडहून हिंदुस्थानात उडत आले. बर्फावर चढण्याचे शिक्षण मात्र त्यांनी घेतले नव्हते. १९३४ साली वेष पालटून ते तिबेटात शिरले व पर्वताच्या उत्तर बाजूस मृत्यू पावले. पुढील वर्षी त्यांचा देह सापडला. धैर्यास त्यांच्यापाशी तोटा नव्हता, ज्ञानास होता.

दुसरा वृत्तान्त राइनहोल्ड मेसनर यांचा. दिनांक २० ऑगस्ट १९८० रोजी ते कृत्रिम प्राणवायूवाचून, एकटेच एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. चढाईच्या आरंभीच ते हिमभेगेत पडले होते, त्यातून बाहेर येऊन पुढे गेले. परंतु ते लहानपणापासून आल्प्स पर्वतात चढत होते. १९७० साली नंगा पर्वतावर त्यांनी आपला सख्खा भाऊ गमावला होता. १९७८ साली एका सोबत्यासह कृत्रिम प्राणवायूवाचून ते एव्हरेस्टवर जाऊन आले होते. आणि या चढाईपूर्वी कित्येक आठवडे तिबेटच्या उंच प्रदेशात राहून त्यांनी शरीरास सवय लावली होती. खाली तळावर एक सहकारी त्यांची वाट पाहत होती. वर गेलेला मनुष्य एकटा होता, पण त्याच्या पाठीशी आयुष्यभराचा अभ्यास होता.

तिसरा वृत्तान्त आपल्या शेजारचा आहे. नीरेपलीकडे फलटण तालुक्यात विंचुर्णी नावाचे गाव आहे. समुद्र तेथून दूर. नौदलातून निवृत्त झालेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी तेथे राहत असत. २०१८ साली ते निवर्तले. भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांची. ती सिद्धीस नेली नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून ‘म्हादेई’ नावाच्या नौकेतून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. पर्वत काय, समुद्र काय, एकटेपण सारखेच. आता मुलांस विचारावे, दोंदे खरोखर एकटे होते काय? नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, कल्पना आवटींची, पाठबळ नौदलाचे, आणि निघण्यापूर्वीची तयारी काही वर्षांची. मॉरिशसपर्यंत सरावाची सफर झाल्यावरच मोठ्या सफरीस आरंभ झाला.

चौथे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील गिर्यारोहकांचे. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. मे २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत एव्हरेस्टवर गेले, आणि १५ मे २०१९ रोजी त्याच संस्थेच्या दहा जणांनी एकाच दिवशी कांचनजंगा सर केले. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट, व पुढे ल्होत्से, मकालू, अन्नपूर्णा आणि २०२२ मध्ये कांचनजंगा अशी आठ हजार मीटरांवरील पाच शिखरे चढली. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. वर्गातील मुलींस हे उदाहरण आवर्जून सांगावे. या सर्वांनी आधी सह्याद्रीच्या डोंगरांवर पाय घट्ट केले, आणि हिमालयात ते शेर्पा सोबत्यांसह दोर बांधून चढले. २०१७ च्या अखेरीस नेपाळ शासनाने आपल्या हद्दीतील शिखरांवर एकट्याने चढण्यास मनाई केली, हेही येथे सांगावे व तिचे कारण मुलांकडून काढून घ्यावे.

उपयोजन

फळ्यावर दोन रकाने आखावे : ‘धाडस’ व ‘अविचार’. पुढील प्रसंग वाचून दाखवावे व कोणता कोठे जाईल हे मुलांनी कारणासह सांगावे. पोहता येत नसता कालव्यात उडी घेणे. घरी सांगून, वाट विचारून, सोबत पाणी घेऊन पायी दूरच्या गावी जाणे. विहिरीत पडलेल्यास दोर टाकून मोठ्यांना हाक मारणे. ढग दाटले असता गडाचा माथा न गाठता परत फिरणे. शेवटच्या प्रसंगावर मुलांत मतभेद होतील. ते होऊ द्यावे. परत फिरणे म्हणजे भित्रेपणा, ही समजूत याच वयात दूर करावयास हवी.

सहलीस निघण्यापूर्वी चार नियम तोंडपाठ करून घ्यावे : सांगितल्यावाचून जावयाचे नाही, जोडीदार सोडावयाचा नाही, वाट चुकल्यास आहे तेथेच थांबून हाक द्यावयाची, आणि भीती वाटली तर ती लपवावयाची नाही. चौथा नियम शिक्षकांनी विशेष जपावा. भीती सांगणाऱ्या मुलास हसले गेले, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, आणि धोका तेथेच असतो.

स्वाध्याय

(१) कळसूबाईच्या माथ्यावरील तापमान आपल्या गावाहून सुमारे किती अंशांनी कमी असेल?
(२) विल्सन व मेसनर यांच्या तयारीतील तीन भेद लिहा.
(३) तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी एकट्याने दूरचा प्रवास केला असल्यास त्यांनी आधी काय तयारी केली, हे विचारून दहा ओळी लिहा.

समारोप

तो राजगडचा मुलगा शाळा सोडून गेल्यावर एकदा लासुर्ण्याच्या बाजारात भेटला. बोलता बोलता मीच विषय काढला व त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याबद्दल खेद व्यक्त केला. तो म्हणाला, “गुरुजी, रागावलात त्याचं काही नाही. पण नेढ्यातून पलीकडं काय दिसतं, ते तुम्ही मला विचारलंच नाही.” पुढील सहलीत मी मुलांस घेऊन, दोन-दोनांच्या जोडीने, नेढ्यापर्यंत गेलो. वारा मोठा होता. प्रत्येक जोडी खाली आल्यावर मी त्यांस तोच एक प्रश्न विचारला : पलीकडे काय दिसले? शिक्षकबंधुभगिनींनीही हा पाठ घेतल्यावर तो प्रश्न विचारण्यास विसरू नये.