आधी नस विचार, मग दाढ काढ

सोनू, खालची अक्कलदाढ काढायची म्हणतेस, तर आत्याचं ऐकून जा. वरच्या दाढेसाठी मी एवढं बोलले नसते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस हनुवटीपर्यंत जाते. खालच्या ओठाची, हनुवटीची जाणीव तिच्यामुळेच. आडव्या रुतलेल्या दाढेची मुळं कधीकधी तिला अगदी खेटून असतात. दुसरी नस जिभेच्या बाजूने हिरडीखालून जाते. ती दुखावली तर अर्धी जीभ बधिर होते, त्या बाजूची चवही जाते, आणि ही नस एक्स-रेत दिसत नाही.

म्हणून ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, समोर ठेवून विचार, "माझी नस कुठून जाते, दाखवा." नसेच्या नळीची पांढरी कड मुळापाशी तुटलेली दिसली किंवा मूळ तिथे काळसर दिसलं, तर सीबीसीटीबद्दल, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनबद्दल विचार. पैसे जातील, जाऊ देत. नस फारच जवळ असेल तर दाढेचा वरचा भाग तेवढा कापून मुळं आत ठेवता येतात. तुझ्या दाढेला ते चालेल का, हेही विचार. आणि कधी दुखली नाही, सुजली नाही, किडली नाही, अशी दाढ काढायचीच कशाला? ब्रिटनमध्ये २००० सालापासून सरकारी सूचनाच आहे की निरोगी रुतलेली दाढ उगाच काढू नये. पण हिरडी पुन्हापुन्हा सुजत असेल तर चालढकल करू नकोस. पंचविशीनंतर हाड घट्ट होतं, धोका वाढतो.

दाढ काढल्यावर भूल उतरेपर्यंत गरम चहा नको, ओठ भाजला किंवा चावला तरी कळणार नाही. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर असेल, तर 'सूज असेल' म्हणून गप्प बसू नकोस, त्याच दिवशी फोन कर. डॉक्टर बधिर भागाची हद्द टिपून ठेवतात आणि पुढच्या खेपेला ती आक्रसली का पाहतात. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत, महिन्यांत परतते. कायमचं बधिरपण शंभरात एकालाही क्वचितच. मुंग्या आल्या तर घाबरू नकोस, नस सावरताना त्या येतात. ओठ वाकडा होण्याची भीतीही नको, ही नस हालचालीची नाही. मात्र तीन महिन्यांत काहीच परतलं नाही, किंवा हात लावताच जळजळ, झटके येऊ लागले, तर नसांचं काम करणाऱ्या जबड्याच्या सर्जनकडे जा. नस जोडायची वेळ आलीच, तर उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेचा उपयोग कमी होतो.