स्मारक वर येतंय की शहर खाली जातंय?

प्रश्न : मेक्सिको सिटीतल्या एका स्मारकाला नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या, असं ऐकलं. स्मारक जमिनीतून वर येतं की काय?

उत्तर : स्मारक जागच्या जागी आहे, खचलं ते भोवतालचं शहर. स्वातंत्र्यदेवतेचा हा स्तंभ १९१० साली, स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीनिमित्त उभा राहिला. त्याचा पाया खोलवर नेलेला आहे. रस्ता मात्र खाली खाली जात राहिला आणि चौथऱ्यापर्यंत चढायला आणखी १४ पायऱ्या बांधाव्या लागल्या.

मुळात हे शहर तळ्यात वसलेलं. अझ्टेक लोकांनी चौदाव्या शतकात टेस्कोको तळ्यातल्या एका बेटावर तेनोच्तित्लान ही राजधानी वसवली. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ती जिंकली, पाडली आणि त्याच जागी नवं शहर बांधलं. अझ्टेकांचे बांध मोडले, पुराचा त्रास वाढला. १६२९ च्या महापुरात शहरातलं पाणी चांगली पाच वर्षं हटलं नाही! तळंच उपसून टाकायचं त्याआधीच ठरलं होतं आणि ते काम पुढची कित्येक शतकं चाललं.

सगळं खापर स्पॅनिशांवर फोडणं सोपं आहे, पण खचण्याचा वेग वाढवला तो विसाव्या शतकातल्या पंपांनी. शहर वाढलं, तहान वाढली, जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं गेलं. तळ्याच्या तळाशी पाण्याने फुगलेल्या चिकणमातीचे जाड थर आहेत. पाणी गेलं की ते दबतात. त्या एका शतकात शहराचा जुना मध्यभाग नऊ मीटरच्या आसपास खाली गेला. सगळीकडे सारखा नव्हे, म्हणून तिथलं जुनं कॅथेड्रल वेडंवाकडं कललं. सांडपाणी उताराने वाहून नेणारा १९०० सालचा मोठा कालवा उतारच हरवून बसला, आता तिथे पंप लावावे लागतात. हीच मऊ माती भूकंपाचे हादरे वाढवते. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ होतं, तरी हजारो माणसं या शहरात दगावली.

गंमत, खरं तर क्रूर थट्टा, अशी की एकेकाळच्या या तळ्याकाठी आज पिण्याचं पाणी कमी पडतं. कुत्झामाला योजनेतून ते हजार मीटरहून अधिक उंच चढवून आणतात. पावसाळ्यात मात्र रस्ते तुंबतात.

मध्यवस्तीतल्या विहिरी १९५० च्या दशकापासून बंद करत आणल्या, तसा तिथला खचण्याचा वेग मंदावला. नव्या विहिरी शहराच्या कडेला खोदल्या. आता तो भाग जास्त वेगाने खचतो आहे. आणि एकदा दबलेली चिकणमाती पाणी परत मिळालं तरी पूर्वीइतकी फुगत नाही.