तिरक्या नजरेचा हिशेब

मराठीतील ‘कटाक्ष’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. एखादा नियम आपण कटाक्षाने पाळतो, तेव्हा तो शब्द दक्षता दर्शवितो; कोणावर कटाक्ष टाकतो, तेव्हा त्यात नापसंती डोकावते. नियमाचे पक्के असलेले काहीजण पहिला पाळता पाळता दुसराही टाकीत असतात. पुष्कळ दिवसांनी मशिदीत आलेल्या तरुणाच्या डोक्यावर टोपी नाही, वुजू करताना तो चाचरतो आहे. लगेच सफमधील दोघे एकमेकांकडे पाहून भुवया उंचावतात. तोंडातून अवाक्षर निघालेले नसते, म्हणून निंदेचे पाप लागले असे त्यांना वाटत नाही.

पवित्र कुरआन मात्र नजरेचीही दखल घेतो. श्रद्धावंत जवळून जात तेव्हा अपराधी लोक एकमेकांना डोळ्यांनी खुणावीत, असे सूरह मुतफ्फिफीनमध्ये (८३:३०) सांगितले आहे. सूरह हुमजहमध्ये ज्यांचा निषेध आहे, त्यांत डोळ्यांच्या इशाऱ्याने दुसऱ्याला हिणविणारेही येतात, असे अनेक भाष्यकारांचे मत आहे. आणि डोळ्यांची चोरी अल्लाहला ठाऊक असते, हे सूरह गाफिरमध्ये (४०:१९) आलेच आहे.

मग नापसंती दाखवूच नये काय? तसे नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एखादी गोष्ट आवडली नाही, तर ती त्यांच्या चेहऱ्यावरून सहकाऱ्यांना कळत असे, असे हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी सांगितले आहे. परंतु ती नापसंती समोरासमोर असे. तिरकी नजर त्या माणसासाठी नसतेच. ती शेजारच्या तिसऱ्यासाठी असते.

या संदर्भात सहीह मुस्लिममधील हजरत मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांची हकिकत ध्यानात घेण्यासारखी आहे. नमाज चालू असताना कोणी शिंकले आणि त्यांनी ‘यरहमुकल्लाह’ म्हटले. सर्वांच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या. माझ्याकडे असे का पाहता, असे त्यांनी गोंधळून विचारले, तेव्हा लोक मांडीवर हात मारू लागले. त्या लोकांच्या मनात हेटाळणी नव्हती. नमाजमध्ये बोलता येत नाही, म्हणून दुसरा उपायही नव्हता. तरीही त्या नजरांनी मुआविया (रजि.) केवळ गप्प झाले, चूक कोणती, हे त्यांना उमगले नाही.

ते उमगले नमाजनंतर. प्रेषितांनी (स.) त्यांना दटावले नाही, मारले नाही, अपशब्द वापरला नाही, नमाजमध्ये लोकांशी बोलणे योग्य नसते, तेथे अल्लाहचे स्मरण आणि कुरआनपठण असते, एवढेच समजाविले. त्यांच्याहून चांगला शिक्षक मी पाहिला नाही, अशी ग्वाही मुआविया (रजि.) पुढे देत असत. आणि त्याच बैठकीत त्यांना धीर आला. आपण नुकतेच अज्ञानकाळातून आलो आहोत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आमच्यातील काही लोक भविष्य सांगणाऱ्यांकडे जातात, काही अपशकुन मानतात, त्यांचे काय, असे एकामागून एक प्रश्न ते विचारू लागले.